'बघतंय कोण?' या प्रश्नाची किंमत

एप्रिल 2005 मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या सेंच्युरियन मैदानावर भारतीय महिला क्रिकेट संघ पहिल्यांदाच विश्वचषकाचा अंतिम सामना खेळला. ऑस्ट्रेलियाने तो 98 धावांनी जिंकला. जगात दुसऱ्या क्रमांकावर आलेल्या त्या संघाच्या खेळाडूंना प्रत्येक सामन्यामागे एक हजार रुपये मिळाले होते. संघाची कर्णधार मिताली राज हिनेच ही रक्कम नंतर एका मुलाखतीत सांगितली. त्याआधीच्या पिढीची अवस्था याहून बिकट होती. मुंबईच्या क्रिकेटपटू डायना एडलजींच्या काळातल्या मुली रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाने, कित्येकदा आरक्षणाविना, क्रिकेटचे सामान सांभाळत सामन्यांना जात आणि मिळेल त्या वसतिगृहात मुक्काम करत.

2 नोव्हेंबर 2025 रोजी नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर भारताने दक्षिण आफ्रिकेला 52 धावांनी हरवून विश्वचषक जिंकला. मैदान खच्चून भरले होते. प्रसारक कंपनीच्या आकडेवारीनुसार 18 कोटी 50 लाख लोकांनी तो सामना तिच्या डिजिटल मंचावर पाहिला. 2024 मधल्या पुरुषांच्या टी-20 विश्वचषकाच्या अंतिम सामन्याइतकीच ही संख्या. विजेत्यांना आयसीसीकडून 44 लाख 80 हजार डॉलर मिळाले आणि भारतीय क्रिकेट मंडळाने वर 51 कोटी रुपये जाहीर केले.

वीस वर्षांत खेळ सुधारला, सराव सुधारला, यात शंका नाही. पण एक हजार रुपये ते कोट्यवधी, हे अंतर केवळ फलंदाजीच्या तंत्राने कापलेले नाही. मधल्या काळात या मुलींवर कॅमेरे वळले.

बायकांना मोबदला कमी का, असे विचारले की क्रीडाक्षेत्रात एक ठरलेले उत्तर मिळते. बायकांचा खेळ बघतंय कोण? प्रेक्षक नाही म्हणून प्रायोजक नाही, प्रायोजक नाही म्हणून पैसा नाही. हिशेब ऐकायला सरळ वाटतो. मात्र प्रेक्षक आपोआप जमतो, हे यात गृहीत धरलेले असते, आणि तिथेच तो चुकतो.

लोकांच्या मनात कोणता विषय घोळावा हे वृत्तमाध्यमे कशी ठरवतात, याचा गाजलेला अभ्यास मॅक्सवेल मॅकोम्ब्स आणि डोनाल्ड शॉ यांनी अमेरिकेतल्या चॅपल हिल गावात 1968 च्या निवडणुकीच्या वेळी केला. मत कुणाला द्यायचे हे न ठरलेल्या शंभर मतदारांना कोणते प्रश्न महत्त्वाचे वाटतात, हे त्यांनी विचारले आणि त्या भागात पोहोचणाऱ्या बातम्यांशी ती उत्तरे ताडून पाहिली. बातम्यांनी ज्या प्रश्नांना जास्त जागा दिली होती, तेच मतदारांनाही महत्त्वाचे वाटत होते. 1972 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाचा निष्कर्ष आज दूरचित्रवाणी आणि मोबाइललाही लागू पडतो. माध्यमे आपल्याला अमुकच मत बनवा असे सांगत नसतीलही, पण मत कशाबद्दल बनवायचे हे बऱ्याच अंशी तीच ठरवतात.

हा नियम खेळाला लावून पाहावा. अमेरिकेतल्या समाजशास्त्रज्ञांनी तिथल्या दूरचित्रवाणीच्या क्रीडा बातम्या तीस वर्षे मोजल्या. 1989 मध्ये महिलांच्या खेळाला सुमारे 5 टक्के वेळ मिळत होता. 2019 मध्ये तो 5.4 टक्के होता. दरम्यान मुली हजारोंनी मैदानावर आल्या, ऑलिंपिक पदके घेऊन गेल्या, तरी तीस वर्षांनंतर बातम्यांमधला त्यांचा वाटा जवळपास तेवढाच होता. रोज न दिसणाऱ्या खेळाडूचे नाव, तिची शैली, तिची दुखापत लोकांना ठाऊक कशी असणार? आणि ठाऊक नसलेल्या माणसाचा खेळ पाहायला कोण बसणार?

'लोकांनाच आवड नाही' हे म्हणणे किती तकलादू आहे, हे इंग्लंडमधल्या फुटबॉलने शंभर वर्षांपूर्वी दाखवून दिले आहे. डिसेंबर 1920 मध्ये लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर डिक, केर लेडीज या कामगार मुलींच्या संघाचा सामना पाहायला सुमारे 53 हजार लोक जमले. पुढच्याच वर्षी इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने आपल्या सदस्य क्लबांच्या मैदानांवर महिलांना बंदी घातली. ती सुमारे पन्नास वर्षे टिकली. आधी मैदान काढून घेतले आणि मग पुढच्या पिढ्यांना ऐकवले की बायकांच्या फुटबॉलला प्रेक्षकच नाही.

भारतात हे चक्र उलटे फिरायला 2017 उजाडले. त्या वर्षीच्या विश्वचषकाच्या उपान्त्य फेरीत हरमनप्रीत कौरने डर्बीच्या मैदानावर ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद 171 धावा फटकावल्या आणि ती खेळी देशाने टीव्हीवर थेट पाहिली. तीन दिवसांनी लॉर्ड्सवर भारत इंग्लंडकडून अवघ्या 9 धावांनी हरला. आयसीसीच्या आकड्यांनुसार तो सामना भारतात 12 कोटी 60 लाख लोकांपर्यंत पोहोचला. स्पर्धेतल्या 31 सामन्यांपैकी दूरचित्रवाणीसाठी दहाच सामन्यांचे चित्रीकरण झाले होते, हे ध्यानात घेतले म्हणजे या संख्येचे मोल कळते. सामने दाखवले आणि लोकांनी पाहिले. घरोघरी मुलीला क्रिकेटच्या शिबिरात घालण्याचा विषय निघू लागला तो याच सुमारास.

त्यानंतर पैसा हलला. ऑक्टोबर 2022 मध्ये मंडळाने पुरुष आणि महिला खेळाडूंना समान सामना मानधन जाहीर केले. कसोटीला 15 लाख, एकदिवसीय सामन्याला 6 लाख आणि टी-20 ला 3 लाख रुपये. जानेवारी 2023 मध्ये महिला प्रीमियर लीगचे पाच वर्षांचे प्रसारण हक्क 951 कोटींना विकले गेले. स्पर्धेचा एकही चेंडू तोवर टाकला गेला नव्हता. पुढच्या महिन्यात झालेल्या लिलावात सांगलीच्या स्मृती मानधनावर 3 कोटी 40 लाखांची बोली लागली. त्या दिवसाची ती सर्वात मोठी बोली होती.

समान मानधनाची बातमी तेव्हा पहिल्या पानावर झळकली. क्रिकेटमधली विषमता आता संपली, असा समज तिने अनेकांच्या मनात रुजवला. माध्यमांचा प्रभाव असाही काम करतो. मथळा लक्षात राहतो आणि मथळ्याखालचा हिशेब निसटतो.

तो हिशेब थोडा उलगडून पाहायला हवा. मानधन सामन्यागणिक मिळते, म्हणजे जितके सामने तितका पैसा. भारतीय महिला संघाने नोव्हेंबर 2014 नंतर थेट जून 2021 मध्ये कसोटी खेळली. मधली साडेसहा वर्षे एकही नाही. जो सामना वेळापत्रकातच नसतो, त्याचे 15 लाख कुणाच्या खात्यात जमा होणार? दुसरी बाब वार्षिक कराराची. 2024-25 च्या करारांत पुरुषांच्या सर्वात वरच्या श्रेणीला 7 कोटी रुपये होते आणि सर्वात खालच्या श्रेणीला 1 कोटी. महिलांच्या वरच्या श्रेणीत 50 लाख, तर खालच्या श्रेणीत 10 लाख. भारताची कर्णधार पुरुषांच्या तळाच्या श्रेणीतल्या खेळाडूच्या निम्म्यावर होती. वर्षभराची शाश्वती देणारी रक्कम हीच असते. दुखापत झाली, संघाबाहेर बसावे लागले तरी घर चालते ते या करारावर.

यावर पुन्हा उत्पन्नाचा दाखला दिला जातो. आयपीएलचे पाच वर्षांचे हक्क 48,390 कोटींना गेले, महिलांचे 951 कोटींना, मग मोबदला सारखा कसा असेल? फरक खरा आहे. पण आयपीएलमागे अनेक दशकांचे रेडिओवरचे समालोचन, वर्तमानपत्रांची क्रीडापाने आणि दूरदर्शनचे प्रक्षेपण उभे आहे. देशाने मिळून केलेली ती गुंतवणूक पुरुषांच्या वाट्याला आली. आजच्या उत्पन्नातला फरक हा कालच्या प्रसिद्धीतल्या फरकाचा परिणाम आहे. त्याच फरकाचा आधार घेऊन मोबदला ठरवला, तर जुना अन्याय व्याजासह वसूल होत राहतो.

क्रिकेटबाहेर हा युक्तिवाद आपल्या न्यायालयाने केव्हाच तपासला आहे. मुंबईतल्या मॅकिनन मॅकेन्झी या कंपनीत स्त्री लघुलेखकांना त्याच कामासाठी पुरुषांपेक्षा कमी पगार होता. तिथल्या लघुलेखक ऑड्री डिकॉस्टा यांनी 1976 च्या समान वेतन कायद्याखाली दाद मागितली. आर्थिक स्थिती बरी नाही, हाही कंपनीचा एक बचाव होता. 1987 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की या कायद्याची अंमलबजावणी मालकाच्या ऐपतीवर अवलंबून नसते.

कायदा आहे, निकाल आहेत, तरी मोबदल्याचा प्रश्न सार्वजनिक चर्चेत येतो तो बहुधा एखादे प्रसिद्ध नाव त्याच्याशी जोडले गेले तरच. ज्यांच्या कामावर कॅमेरा कधीच जात नाही, त्यांचे काय होते हे पाहायला बीड जिल्ह्यात जावे लागते. दिवाळीच्या सुमारास इथून ऊसतोड कामगार कारखान्यांच्या भागाकडे निघतात. मुकादम उचल देतो ती 'कोयत्या'ला. कोयता म्हणजे नवरा आणि बायको मिळून एक. एकटा गडी अर्धा कोयता धरला जातो. फडात नवरा ऊस तोडतो. बाई पाचट काढते, मोळ्या बांधते आणि त्या डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढवते. पहाटे स्वयंपाक तिचा, रात्री मुलांचे तिच्याकडे. उचलीचा व्यवहार मात्र मुकादम आणि नवरा यांच्यात होतो. तिच्या कामाची वेगळी मजुरी कुठे लिहिलीच जात नाही. म्हणजे इथे कमी-जास्त मोजायलाही आकडा नाही.

2019 मध्ये या बाया अचानक राष्ट्रीय बातमी झाल्या. बीडमधल्या ऊसतोड महिलांची गर्भाशये मोठ्या प्रमाणावर काढली जात असल्याचे वृत्तपत्रांनी उघड केले. विधान परिषदेत प्रश्न आला. जिल्ह्यात तीन वर्षांत 4,605 शस्त्रक्रिया झाल्याचे आरोग्यमंत्र्यांनी सांगितले आणि आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पत्रकारांनी केलेले हे काम मोठे होते. त्या बातम्या आल्या नसत्या तर सभागृहात हा विषय इतक्या जोराने निघालाच नसता.

पण चर्चा रुग्णालयांच्या आणि डॉक्टरांच्या भोवतीच जास्त फिरली. मासिक पाळीच्या त्रासाने बाई एक दिवस फडात गेली नाही तर खाडा पडतो आणि जोडीच्या हिशेबातून दंड कापला जातो. खाडा टाळण्याची ही धास्ती त्या शस्त्रक्रियांच्या मागच्या कारणांपैकी एक होती. म्हणजे आरोग्याच्या बातमीच्या पोटात मजुरीची बातमी दडलेली होती आणि तिला त्या मानाने फार थोडी जागा मिळाली. महिला शेतकऱ्यांसाठी काम करणारा मकाम हा मंच ऊसतोड स्त्रीची स्वतंत्र कामगार म्हणून नोंद व्हावी, यासाठी आग्रह धरतो आहे. तशी नोंद झाली, उचलीच्या करारावर तिचेही नाव आले आणि मजुरी तिच्या खात्यात पडू लागली, तर तिच्या श्रमाचा पहिल्यांदाच वेगळा आकडा तयार होईल. गाळप हंगाम दरवर्षी सुरू होतो. त्या दिवसांत वर्तमानपत्रे उसाचा भाव आणि साखरेचा उतारा जिल्हावार छापतात. कोयत्यातल्या बाईच्या मजुरीचा रकाना त्याच पानावर छापायला सुरुवात करणे संपादकांच्या हातात आहे, आणि तो मागणे वाचकांच्या.