दिग्दर्शकांच्या हाती कारखाना

जोयडा तालुक्यातून अनमोडचा घाट उतरला की गोवा. त्यामुळे इथल्या सिनेमावेड्यांना बंगळूरपेक्षा पणजी जवळची, आणि २००४पासून इफ्फी हा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव तिथे भरायला लागल्यापासून नोव्हेंबरात तिकडे एखादी फेरी मारण्याचा मोह आवरत नाही. २०१२च्या महोत्सवात जीवनगौरव पुरस्कार मिळाला तो क्षिश्तॉफ झानुसी या पोलिश दिग्दर्शकाला. गडी मुळात भौतिकशास्त्राचा विद्यार्थी, मग तत्त्वज्ञानाचा, आणि सरतेशेवटी लॉड्झच्या चित्रपट शाळेचा. त्यांच्या सिनेमांवर आपल्याकडे थोडंफार बोललं जातं. ते वर्षानुवर्षं चालवत होते त्या 'टोर' नावाच्या संस्थेबद्दल मात्र सहसा कुणी अवाक्षर काढत नाही. मला विचाराल तर पोलिश सिनेमाचं इंगित तिथंच आहे.

टोर हा एक चित्रपट गट. असे गट पोलंडमध्ये १९५५पासून निघाले. स्टुडिओ, कॅमेरे, पैसा सगळं सरकारचं, कारण नोव्हेंबर १९४५मध्येच चित्रपटधंद्याचं राष्ट्रीयीकरण झालेलं. पण कोणती गोष्ट पडद्यावर न्यायची याचा पहिला विचार गटात व्हायचा. गटाच्या शिरी एक नावाजलेला दिग्दर्शक, जोडीला पटकथांची बाजू सांभाळणारा लेखक, आणि हिशेब-वेळापत्रक बघणारा निर्मितिप्रमुख. पटकथा आधी आपसांत वाचायची, तिची चिरफाड करायची, मगच ती सरकारी समितीपुढे न्यायची. सिनेमा पुरा झाला की अधिकाऱ्यांसाठी पुन्हा खेळ, आणि काय कापायचं यावर घासाघीस. त्या खोलीत नवखा दिग्दर्शक एकटा पडत नसे. गटप्रमुख शेजारी बसून त्याची वकिली करी.

पहिल्या गटांपैकी 'काद्र'चे प्रमुख येझी कावालेरोविच, तर लेखक म्हणून तादेउश कोन्वित्स्की हे कादंबरीकार. दिग्दर्शक आंद्रे वायदांचा 'कनाल' याच गटाचा. १९५७ साली कानला त्याला ज्यूरीचं खास पारितोषिक मिळालं. पुढच्याच वर्षी 'ॲशेस अँड डायमंड्स' आणि आंद्रे मुंकचा 'इरॉइका'. एका छपराखाली इतक्या थोड्या काळात एवढं पीक येतं, तेव्हा श्रेय एकट्यादुकट्या प्रतिभेला देऊन भागत नाही.

अर्थात वकिली दरवेळी चालली असं नाही. वायदांच्या 'मॅन ऑफ मार्बल'ची पटकथा साठच्या दशकाच्या सुरुवातीला तयार होती. सिनेमा लोकांपुढे आला १९७७मध्ये. वायदा स्वतः 'एक्स' गटाचे प्रमुख. त्या गटाने केलेला रिशार्ड बुगायस्कीचा 'इंटरोगेशन' पोलंडमधल्या लष्करी कायद्याच्या काळात फडताळात गेला तो १९८९लाच बाहेर आला, आणि एक्स गट तर १९८३मध्ये मोडूनच टाकला. तरी सिनेमा बनून पडून राहणं निराळं आणि बनूच न देणं निराळं.

हे सगळं कसं चालायचं याचं सर्वांत मार्मिक चित्र किश्लोव्स्की या दिग्दर्शकाच्या १९७९च्या 'कॅमेरा बफ'मध्ये सापडतं. एक कारखान्यातला माणूस तान्ह्या मुलीचं चित्रण करायला आठ मिलिमीटरचा कॅमेरा घेतो. साहेब त्याला कारखान्याच्या वर्धापनदिनाचं चित्रण करायला सांगतात, आणि मग कटकट सुरू होते: कबुतरं कशाला दाखवलीस, कलाकारांना पैसे देताना कशाला टिपलंस? सिनेमात झानुसी स्वतः झानुसी म्हणूनच येतात. प्रत्यक्षातही ते टोरचे प्रमुख झाले आणि किश्लोव्स्की त्यांचे दुय्यम. किश्लोव्स्कीचा 'डेकालॉग' टोरचाच.

ही माणसं आली कुठून? वॉर्सा युद्धात बेचिराख झालेलं. लॉड्झ हे कापडगिरण्यांचं शहर बऱ्यापैकी शाबूत होतं, म्हणून सिनेमाचा संसार तिथे गेला. १९४८ साली ऑस्कर कोन या गिरणीमालकाच्या हवेलीत शाळा उघडली. वायदा, मुंक, पोलान्स्की, किश्लोव्स्की सगळे तिथलेच. आतल्या लाकडी जिन्यावर बसून विद्यार्थी घालत ते वाद प्रसिद्ध आहेत. पुण्यात तेच काम लॉ कॉलेज रस्त्यावरच्या चित्रपट संस्थेतल्या आंब्याच्या झाडाखाली चालतं.

पुण्याची संस्था १९६०ची, प्रभात फिल्म कंपनीच्या जागेतली. प्रभात १९२९ साली कोल्हापुरात निघाली तीच दामले, फत्तेलाल, शांताराम, धायबर आणि कुलकर्णी अशा पाच भागीदारांची. सिनेमा करणारेच मालक. १९३३मध्ये ती पुण्याला आली, 'संत तुकाराम' इथलाच. १९४२मध्ये शांतारामबापू बाहेर पडले आणि पुढच्या दशकात कंपनी बुडाली. लॉड्झसारखी शाळा आपल्याला मिळाली ती नेमकी असा गट मोडल्यावर.

राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयही मिळालं, पुण्यातच, १९६४मध्ये. जुन्या फिती जपाव्यात हे बोलेस्लाव मातुशेव्स्की या पोलिश माणसाने पॅरिसमध्ये १८९८लाच छापून मांडलं होतं. सावेदादा भाटवडेकरांनी मुंबईत कुस्ती चित्रित केली ती त्यानंतर वर्षाने. पुण्याचं संग्रहालय १९६९मध्ये चित्रपट संग्रहालयांच्या जागतिक महासंघात गेलं तेव्हा महासंघाचे अध्यक्ष येझी टोप्लिट्झ होते, लॉड्झच्या शाळेच्या संस्थापकांपैकी एक. संग्रहालयाचे पी. के. नायर यांनी इथल्या फिती गावोगावच्या फिल्म सोसायट्यांना पुरवल्या. ते आणि पुण्याच्या संस्थेतले प्राध्यापक सतीश बहादूर आमच्या शेजारच्या शिवमोग्गा जिल्ह्यात, हेग्गोडूच्या नीनासम या नाट्यसंस्थेत, रसास्वाद शिबिरं घ्यायला जात. सुपारीच्या बागायतदारांपर्यंत जगाचा सिनेमा त्यांनी नेला.

शाळा झाली, संग्रहालय झालं. गट तेवढा झाला नाही. एक प्रयत्न झाला आणि तो मराठीतच: १९७६चा 'घाशीराम कोतवाल'. पुण्याच्या संस्थेतून बाहेर पडलेल्या मंडळींनी 'युक्त' नावाची सहकारी संस्था काढली, बँकेचं कर्ज घेतलं, पटकथा तेंडुलकरांकडून घेतली आणि के. हरिहरन, मणी कौल, कमल स्वरूप, सईद मिर्झा यांनी मिळून दिग्दर्शन केलं. मोहन आगाशे नाना फडणवीस झाले, ओम पुरी घाशीराम. सहकारात साखर कारखाने उभे करणाऱ्या महाराष्ट्रात हा प्रयोग मूळ धरू शकला नाही, याचं मला नवल वाटतं. पुढे त्या सिनेमाचं डिजिटल रूप झालं ते बर्लिनच्या आर्सेनल संस्थेकडे राहिलेल्या प्रतीवरून.

२०१९मध्ये पोलंड सरकारने टोर आणि काद्र यांना इतर स्टुडिओंसह एकाच सरकारी निर्मितिसंस्थेत विलीन केलं. मार्च २०२२मध्ये पुण्याचं संग्रहालय एनएफडीसी या सरकारी चित्रपट विकास महामंडळात गेलं. दोन्ही शाळा आपापल्या जागी आहेत, आणि पुण्यातली मुलं पदवीचा चित्रपट हातावेगळा करून अजूनही मुंबईची गाडी धरतात.