पत्रक ४६ पी/३

भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशांत कन्नड गावाचे पत्रक ४६ पी/३. जुन्या इंची मालिकेत एक इंचाला एक मैल, उंची फुटांत. तेव्हा घाटावर कन्नड निजामाचे, घाटाखाली चाळीसगाव ब्रिटिश खानदेशात. पण बघण्यासारख्या आहेत त्या समोच्च रेषा. उत्तरेच्या कड्यावर त्या इतक्या दाटतात की तपकिरी पट्टाच उमटावा. कन्नडकडे मात्र ऐसपैस. पाणीही इथेच फुटते: शिवना गोदावरीकडे, घाटाखालचे ओढे गिरणेमार्गे तापीकडे. घाटाला नाव जेम्स औट्रमचे, ज्याने १८२५ पासून खानदेशात भिल्ल पलटण उभारली. (गावकऱ्यांच्या तोंडी तो कन्नडचाच घाट.) १९५६ साली कन्नडसह मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि दोन राज्यांची ही हद्द नुसती दोन जिल्ह्यांची उरली.