टूसॉनच्या माथ्यावरचा गारवा

जूनच्या दुपारी टूसॉनमध्ये उन्हात उभी केलेली गाडी चालवायची तर आधी स्टिअरिंगवर ओला फडका टाकावा लागतो. सीटबेल्टचं बक्कल उघड्या दंडाला टेकलं तरी चटका बसतो. अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यातलं हे शहर सोनोरन वाळवंटात, समुद्रसपाटीपासून सुमारे ७३० मीटरवर वसलं आहे. उन्हाळ्यात पारा अडतीस-चाळिशीच्या घरात असतो आणि पुष्कळदा तिथेही थांबत नाही. वायव्येकडचं फिनिक्स तर आणखी भाजतं. २०२३ मध्ये तिथे सलग ३१ दिवस कमाल तापमान ४३ अंशांच्या खाली उतरलं नाही. फिनिक्स ज्या मॅरिकोपा काउंटीत येतं, तिथे त्या वर्षी उष्म्याने ६४५ बळी घेतले.

टूसॉनकरांचं भाग्य असं की त्यांच्या उत्तरेला सांता कॅटलिना डोंगररांग उभी आहे आणि तिचा माथा, माउंट लेमन, २,७९१ मीटर उंच आहे. आपल्या कळसूबाईपेक्षा हजाराहून जास्त मीटरने उंच. पायथ्यापासून समरहेवन या वरच्या वस्तीपर्यंत चाळीसेक किलोमीटरचा डांबरी घाटरस्ता जातो आणि तासाभरात माणूस भट्टीतून स्वेटरमध्ये पोहोचतो. कोरडी हवा वर चढते तसा तिच्यावरचा दाब कमी होतो, ती प्रसरण पावते आणि दर हजार मीटरला जवळजवळ दहा अंशांनी निवते. वाळवंटातली हवा कोरडीच, त्यामुळे हा हिशेब तिथे चोख लागू पडतो. खाली चाळीस अंश असताना माथ्याच्या थोडं खाली असलेल्या समरहेवनला चोवीस-पंचवीस.

पण या रस्त्याची खरी श्रीमंती खिडकीबाहेर आहे. पायथ्याशी सग्वारो निवडुंग पहारेकऱ्यांसारखे उभे असतात. बारा-बारा मीटर उंचीच्या या निवडुंगांना पहिली फांदी फुटायलाच पन्नास-पाऊणशे वर्षं लागतात. त्यांच्या खोडाला उभ्या चुण्या असतात. पाऊस पडला की त्या फुलतात, दुष्काळात आखडतात. जूनच्या अखेरीस शेंड्यावरची फळं पिकतात. इथले मूळ रहिवासी तोहोनो ओओदाम लोक सग्वारोच्याच वाळलेल्या फासळ्यांची लांब काठी करून ती पाडतात, त्यांचा पाक काढतात आणि पावसाला बोलावण्याच्या विधीसाठी त्यातून मद्य तयार करतात. त्यांचं नवं वर्ष याच हंगामात सुरू होतं.

वर निघालं की काही वळणांतच सग्वारो विरळ होतात आणि संपतात. मग गवत आणि खुरटे ओक, मग ओक-पाइनची मिसळ, आणि दोन हजार मीटरच्या पुढे उंचच उंच पाँडेरोसा पाइन. उन्हाने तापलेल्या पाँडेरोसाच्या सालीच्या भेगेशी नाक नेलं तर चक्क व्हॅनिलाचा वास येतो. वाटेत थांबून तो घ्यावाच. आणखी वर, उत्तरेच्या उतारांवर, डग्लस फर आणि ॲस्पेन लागतात. मेक्सिकोच्या वाळवंटातून निघून कॅनडाच्या सीमेपर्यंत गेल्यावर जी झाडं दिसावीत, ती इथे एका घाटात एकावर एक रचलेली आहेत. सी. हार्ट मेरियम या शास्त्रज्ञाने १८८९ मध्ये ॲरिझोनातल्याच सॅन फ्रान्सिस्को शिखरांवर फिरून उंचीनुसार बदलणाऱ्या जीवपट्ट्यांची कल्पना मांडली. ती समजून घ्यायला माउंट लेमनच्या घाटासारखी दुसरी शाळा नाही. डोंगराला नाव मिळालं तेही एका वनस्पतिशास्त्रज्ञ बाईंमुळे. सारा प्लमर लेमन १८८१ मध्ये पतीबरोबर मधुचंद्राला आल्या, त्या वनस्पती गोळा करत थेट माथ्यावर चढल्या.

हा रस्ता मात्र कोणी हौसेने बांधला नाही. १९३३ ते १९५० अशी सतरा वर्षं तो खोदला गेला, आणि मजूर होते संघराज्याच्या तुरुंगांतले कैदी. पायथ्यापासून दहा-बारा किलोमीटरवर त्यांच्या छावणीची जागा आहे. इमारती पाडल्या गेल्या, ओक झाडांखाली जोती आणि पायऱ्या तेवढ्या उरल्या. १९९९ पासून तिथल्या मुक्कामाच्या जागेला गॉर्डन हिराबायाशी यांचं नाव आहे.

हिराबायाशी सिएटलमध्ये शिकत होते. दुसऱ्या महायुद्धात सरकारने पश्चिम किनाऱ्यावरच्या जपानी वंशाच्या लोकांवर संचारबंदी लादली, मग त्यांना घरांतून उठवून छावण्यांत नेलं. यातले बहुसंख्य जन्माने अमेरिकी नागरिक होते, हिराबायाशीही. १९४२ मध्ये त्यांनी दोन्ही हुकूम मानायला नकार दिला. सर्वोच्च न्यायालयाने १९४३ मध्ये त्यांच्याविरुद्ध निकाल दिला. शिक्षा भोगायला कॅटलिनाच्या छावणीत जायचं ठरलं, पण प्रवासाचा खर्च द्यायला सरकार तयार नव्हतं. तेव्हा हा माणूस वाटेत भेटेल त्या गाडीला हात करत टूसॉनला आला आणि स्वतःहून हजर झाला. अधिकाऱ्यांना कागदपत्रं सापडेनात. त्यांनी हिराबायाशींना सिनेमा बघून संध्याकाळी परत यायला सांगितलं, आणि ते परत आले. १९८७ मध्ये अपील न्यायालयाने त्यांच्यावरचा ठपका पूर्णपणे पुसला, पुढे २०१२ मध्ये मरणोत्तर राष्ट्राध्यक्षीय स्वातंत्र्यपदकही दिलं गेलं. वरच्या गारव्याची घाई असल्याने बहुतेक गाड्या इथे थांबत नाहीत. मला ते खटकतं. त्या गारव्याकडे नेणारा घाट ज्यांनी सुरुंग लावून फोडला, त्यांच्यात आपल्या विवेकाला धरून राहिल्याबद्दल तुरुंगात आलेली माणसं होती, हे जाणून वर जावं.

पुढे विंडी पॉइंटला सगळेच थांबतात. वाऱ्यापावसाने कोरलेले ग्रॅनाइटचे सुळके, आणि खाली धुरकट उन्हात पसरलेलं टूसॉन. समरहेवनला लाकडी घरं आणि थोडी दुकानं आहेत. पलीकडे हिवाळ्यात बर्फावर घसरायचा उतारही आहे, भर वाळवंटाच्या डोक्यावर.

अशा डोंगरांना शास्त्रज्ञ आकाशबेटं म्हणतात. ॲरिझोनाच्या दक्षिणेत आणि मेक्सिकोच्या उत्तरेत ती विखुरलेली आहेत, आणि मधला तापलेला वाळवंटी मैदानी पट्टा वरच्या प्राण्यांना समुद्राइतकाच दुस्तर. खाली उष्मा वाढला की आपण गाडी काढून वर जातो. जंगलही हळूहळू वर सरकतं, पण माथ्याच्या वर डोंगर नसतो. अशाच एका पिनालेन्यो रांगेत माउंट ग्रॅहमची लाल खार राहते, जगात दुसरीकडे कुठेही नाही. २०१७ च्या वणव्यानंतर तिची गणना झाली तेव्हा अवघ्या ३५ खारी उरल्या होत्या. आदल्या वर्षी २५२ होत्या.

माउंट लेमनही जळला आहे. जून २००३ च्या ॲस्पेन वणव्यात समरहेवनची तीनशेहून जास्त घरं-दुकानं राख झाली. ती आग माणसाच्या हातून लागली होती. २०२० चा बिगहॉर्न वणवा विजेने पेटला आणि जवळजवळ १ लाख २० हजार एकरांवर पसरला. आजही घाटातल्या काही उतारांवर काळ्या खोडांच्या रांगा दिसतात. त्यांच्या पायाशी ॲस्पेनची कोवळी रोपं दाटलेली असतात, कारण ॲस्पेनची मुळं जमिनीखाली तगून नवे कोंब काढतात. पाइनचं तसं नाही. त्याला बी लागतं, जवळ जिवंत झाड लागतं आणि रोपं जगण्याइतपत ओल लागते.

जायचं तर सकाळी लवकर निघावं. पेट्रोल आणि पाणी पायथ्यालाच भरून घ्यावं. चढताना इंजिनचा काटा वर जाऊ लागला तर एसी बंद करून काचा उघडाव्यात, आणि उतरताना गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवावी, नुसत्या ब्रेकवर नाही. जुलैपासून मान्सून येतो (तिथेही त्याला हेच नाव आहे) आणि दुपारी विजा कडाडतात, तेव्हा विंडी पॉइंटच्या उघड्या कातळांवर राहू नये. मे-जूनमध्ये, पाऊस पडायच्या आधी, जंगल सर्वांत कोरडं असतं आणि वनखातं उघड्यावर चूल पेटवायला बंदी घालू शकतं. निघण्यापूर्वी ती सूचना पाहावी, आणि बंदी असेल तर डबा थंडच खावा.