मेनिएरचा आजार : अंतःकर्णातील विकृती, ‘चक्कर’ आणि निदानाचा प्रश्न
(विशेष संदर्भ : केळापूर तालुका, जि. यवतमाळ)

प्रस्तावना

मनुष्याचा कान ऐकण्याबरोबरच शरीराचा तोलही सांभाळतो. ही दोन्ही कार्ये अंतःकर्णात चालतात व त्यांची संवेदना मेंदूपर्यंत नेणारा मज्जातंतूही एकच आहे. त्यामुळे अंतःकर्णात बिघाड झाला की बहिरेपणा आणि चक्कर ही वरवर असंबद्ध भासणारी लक्षणे एकत्र दिसू शकतात. मेनिएरचा आजार हे याचे ठळक उदाहरण होय. या आजाराचे स्वरूप स्पष्ट करणे आणि त्याचे निदान बव्हंशी रुग्णाच्या नेमक्या कथनावर कसे अवलंबून असते हे केळापूर परिसराच्या संदर्भात मांडणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत युरोपातील वैद्यक अचानक येणाऱ्या चक्करेचा संबंध मेंदूशी जोडत असे. मेंदूत रक्त साचते असे मानून रक्तमोक्षणासारखे उपचार केले जात. पॅरिस येथील मूकबधिरांच्या संस्थेचे वैद्य प्रॉस्पर मेनिएर यांनी १८६१ साली तेथील वैद्यक अकादमीपुढे वेगळे मत मांडले. चक्कर, कानातील नाद आणि श्रवणऱ्हास एकत्र येत असतील, तर विकाराचे मूळ अंतःकर्णात शोधावे, असे त्यांचे प्रतिपादन होते. फ्लूरां या शास्त्रज्ञाने त्यापूर्वी कबुतरांच्या अर्धवर्तुळाकार नलिकांवर केलेल्या प्रयोगांचा त्यांना आधार होता. पुढच्याच वर्षी मेनिएर यांचे निधन झाले. १९३८ साली इंग्लंडमध्ये हॉलपाईक व केर्न्स यांनी आणि जपानमध्ये यामाकावा यांनी मृत रुग्णांच्या अंतःकर्णाचे परीक्षण करून तेथील द्रवाचा फुगवटा दाखवून दिला.

अंतःकर्णाची रचना आणि विकृतीचे स्वरूप

अंतःकर्णात गोगलगायीच्या शंखाप्रमाणे वेटोळी असलेली कॉक्लिया ही श्रवणाची, तर तीन अर्धवर्तुळाकार नलिका व त्यांच्या मुळाशी असलेल्या दोन पिशव्या ही तोलाची इंद्रिये होत. या सर्वांमधून पातळ पडद्याची एक सलग नळी जाते. नळीच्या आतील द्रवास अंतर्लसिका व बाहेरील द्रवास परिलसिका म्हणतात. अंतर्लसिकेत पोटॅशियमचे, तर परिलसिकेत सोडियमचे प्रमाण अधिक असते. या भेदावरच संवेदी पेशींचे कार्य चालते.

मेनिएरच्या आजारात अंतर्लसिकेचे प्रमाण वाढून पडदा ताणला जातो. तो फाटल्याने दोन्ही द्रव मिसळतात, मज्जातंतू तात्पुरते निकामी होतात व त्यातून झटका उद्भवतो, अशी एक उपपत्ती आहे. तथापि फुगवटा असूनही काही व्यक्तींना झटके येत नाहीत. म्हणून या आजाराचे मूळ कारण अद्याप निश्चित झालेले नाही, असेच म्हणावे लागते.

लक्षणे आणि निदान

हा आजार बहुधा चाळीस ते साठ या वयोगटात व प्रारंभी एकाच कानात दिसतो. कान दडपल्यासारखा वाटणे, त्यात घुमणारा नाद ऐकू येणे व ऐकू कमी येणे, ही अनेकदा झटक्याची पूर्वसूचना असते. त्यानंतर सभोवतालचे सर्व गरगर फिरू लागते, मळमळ व उलट्या होतात. शुद्ध मात्र हरपत नाही. क्वचित काही रुग्ण शुद्धीत असतानाच अकस्मात जमिनीवर कोसळतात. झटका ओसरल्यावर ऐकू येणे पूर्ववत होते. परंतु वर्षानुवर्षे झटके येत राहिल्यास श्रवणहानी कायमची होऊ शकते.

बारानी सोसायटी व अन्य संस्थांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या निकषांनुसार निश्चित निदानासाठी २० मिनिटे ते १२ तास टिकणारे किमान दोन झटके, त्याच कानात श्रवणचाचणीने सिद्ध झालेला खालच्या व मध्यम स्वरांचा ऱ्हास, कानाची कमीअधिक होणारी लक्षणे आणि अन्य विकाराने न होणारा उलगडा, या बाबी आवश्यक आहेत. श्रवणमज्जातंतूवरील गाठ नाही याची खात्री करण्यासाठी एमआरआय तपासणी करतात. परंतु झटका किती वेळ टिकला, हे रुग्ण किंवा त्याचे निकटवर्तीयच सांगू शकतात; ते कोणत्याही यंत्रातून कळत नाही.

‘चक्कर’ या शब्दाची संदिग्धता आणि केळापूर परिसर

निदानातील खरी अडचण येथेच आहे. मराठीत चक्कर, भोवळ, घेरी, भोवंड, अंधारी, तोल जाणे असे अनेक शब्द आहेत. पण दवाखान्यात ते सर्व ‘चक्कर’ या एका शब्दात सामावले जातात. उठून उभे राहताच डोळ्यांपुढे येणारी अंधारी ही रक्तदाब उतरल्याची किंवा रक्तक्षयाची खूण असू शकते. कूस बदलताना काही सेकंदच गरगरणे आणि ऐकू येण्यात फरक न पडणे हे अंतःकर्णातील सूक्ष्म कण सरकल्याचे लक्षण असते. डोक्याच्या विशिष्ट हालचाली करवून ते बहुधा तेथल्या तेथे बरे करता येते. चक्करेसोबत बोलणे अडखळणे, एकाच्या जागी दोन दिसणे किंवा हातापायांतील शक्ती जाणे ही पक्षाघाताची शक्यता असल्याने क्षणाचाही विलंब करू नये. एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाल्यासही त्वरित उपचार आवश्यक असतात.

केळापूर तालुक्याच्या संदर्भात आणखी एक बाब महत्त्वाची आहे. हा कापूस पिकविणारा प्रदेश आहे. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशक फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले आणि शेकडोंना रुग्णालयात दाखल करावे लागले. अशा विषबाधेतही चक्कर व उलटी ही लक्षणे दिसतात. मात्र फवारणीनंतर त्यांच्या जोडीला घाम, लाळ, अंधूक दृष्टी, बारीक झालेल्या बाहुल्या किंवा स्नायूंचे स्फुरण असेल, तर तो कानाचा आजार समजून घरी थांबणे जिवावर बेतू शकते. याउलट कानाच्या रुग्णावर ‘अशक्तपणा’, ‘बीपी’ किंवा ‘बाहेरचे’ असा शिक्का बसला, तर श्रवण वाचविण्याची वेळ निघून जाते. तालुक्यात मराठीबरोबरच गोंडी, कोलामी व तेलुगू बोलली जाते. रुग्णाचे कथन दुसऱ्या भाषेतून डॉक्टरांपर्यंत पोहोचताना हा सूक्ष्म भेद आणखी पुसट होण्याचा संभव असतो. म्हणून ‘चक्कर येते का?’ एवढेच विचारणे पुरेसे नाही. काय फिरते, किती वेळ फिरते, कशाने सुरू होते आणि त्या वेळी कानात काय होते, हे चार प्रश्न विचारले गेले पाहिजेत.

उपचार व त्यांच्या मर्यादा

आजार समूळ नाहीसा करणारे औषध आज उपलब्ध नाही. झटक्याच्या वेळी आडवे होऊन डोके स्थिर ठेवावे. या वेळी दिली जाणारी चक्कररोधक औषधे महिनोन्‌महिने घेत राहिल्यास तोल सावरण्याच्या मेंदूच्या स्वाभाविक प्रक्रियेत अडथळा येतो. आहारातील मीठ कमी करण्याचा सल्ला दिला जातो. लोणचे, पापड, सांडगे व फरसाण यांवर नियंत्रण ठेवणे हा त्याचा व्यावहारिक अर्थ होय. मात्र या उपायाचा पुरावा भक्कम नाही. बीटाहिस्टीन हे औषध सर्रास दिले जाते. तथापि जर्मनीतील २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ते निष्क्रिय गोळीपेक्षा सरस ठरले नाही. झटके न थांबल्यास कानाच्या पडद्याआड स्टेरॉइड किंवा जेंटामायसिनचे इंजेक्शन देतात. जेंटामायसिन तोलाच्या पेशी निकामी करते व त्यात श्रवण गमावण्याचाही धोका असतो. शस्त्रक्रिया हा शेवटचा पर्याय होय.

या आजारात झटके आपोआपही कमी होतात. त्यामुळे त्या सुमारास घेतलेला कोणताही उपाय गुणकारी भासतो. खात्रीशीर इलाजाचे दावे तपासताना हे ध्यानी ठेवावे.

महाविद्यालयीन संदर्भ

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार श्रवणदोषाची व्याख्या दोन्ही कानांतील किमान ६० डेसिबल हानीवर आधारलेली आहे. एका कानाने ऐकू न येणारा व केव्हाही झटका येऊ शकणारा विद्यार्थी किंवा सहकारी त्यामुळे बहुधा प्रमाणपत्रास पात्र ठरत नाही. त्याची अडचण सहज नजरेसही येत नाही. आवाजाची दिशा न कळल्याने तो उत्तर देत नाही, तेव्हा ते दुर्लक्ष समजले जाते. झोकांडी गेली तर व्यसनाचा संशय घेतला जातो. चांगला कान अध्यापकाकडे राहील अशी बैठक, परीक्षेत झटका आल्यास विश्रांतीची मुभा, तसेच झटके येत असलेल्या काळात दुचाकी, विहिरीचा काठ व उंचावरील काम टाळण्याचा सल्ला, एवढे साहाय्य कोणतेही महाविद्यालय करू शकते.

समारोप

मेनिएर यांनी १८६१ साली मेंदूच्या विकारांतून कानाचा विकार वेगळा काढला, तो रुग्णांच्या लक्षणांची एकत्रित नोंद घेऊन. आजही निदानाची पहिली पायरी तीच आहे. पांढरकवड्याहून श्रवणचाचणीसाठी सुमारे ७० किलोमीटरवरील यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात जाणाऱ्या रुग्णाने झटक्याची तारीख, कालावधी व कानाची लक्षणे लिहून नेल्यास निदान निश्चितच सुकर होईल. अशी नोंद ठेवण्याची सवय विद्यार्थ्यांमार्फत घरोघरी पोहोचविणे हे अध्यापकांच्या सहज आवाक्यातील कार्य आहे.