तारकांची वही

ऑर्ग मोडमध्ये लिहिलेली फाइल वाचायला ऑर्ग मोड लागत नाही. नोटपॅडमध्ये उघडा, फोनवरच्या साध्या एडिटरमध्ये उघडा, सगळा मजकूर समोर येतो. ओळीच्या सुरुवातीला एक तारका आणि मग मोकळी जागा असेल तर तो मथळा, दोन तारका असतील तर उपमथळा. उभ्या दांड्यांमध्ये मजकूर मांडला की तक्ता झाला. शब्दाच्या दोन्ही अंगांना तारका लावल्या की शब्द ठळक, तिरक्या रेघा लावल्या की तिरपा. एवढ्या खुणा समजल्या की कोणाचीही ऑर्ग फाइल चाळता येते. वीस वर्षांपूर्वीची फाइल आजही उघडते आणि त्यासाठी ना कुठल्या कंपनीचे खाते लागते, ना वर्गणी.

मात्र त्याच फाइलला कामाला लावायचे असेल तर ऑर्ग मोड लागतो, आणि तो ज्याच्या पोटात राहतो तो ईमॅक्स हा एडिटरही लागतो. वाचायला कोणीही चालेल, पूर्ण समजून घ्यायला मात्र एकच प्रोग्रॅम. ऑर्गच्या पुढच्या वाटचालीतले बहुतेक प्रश्न या एका विसंगतीतून निघतात.

ऑर्गची सुरुवात २००३ मध्ये कार्स्टन डॉमिनिक यांनी केली. ते ॲमस्टरडॅम विद्यापीठातले खगोलशास्त्रज्ञ. तरुण ताऱ्यांभोवतीच्या धुळीच्या तबकड्यांतून ग्रह कसे घडतात, हा त्यांचा अभ्यासाचा विषय. शोधनिबंध लिहिताना संदर्भ आणि समीकरणे हाताळण्यासाठी ईमॅक्सला जोडायची रेफटेकसारखी साधने त्यांनी आधीच केलेली होती. टिपणे काढता काढताच कामे सुचतात, ती दुसऱ्या यादीत उतरवायला गेले की टिपणाचा संदर्भ तुटतो, ही त्यांची अडचण. दोन्ही गोष्टी एकाच मजकुरात राहाव्यात म्हणून त्यांनी ईमॅक्सच्या जुन्या मथळे-घड्या घालणाऱ्या सोयीवर नवे बांधकाम केले.

ईमॅक्सची मुळे १९७६ पर्यंत मागे जातात. रिचर्ड स्टॉलमन यांनी तो एमआयटीच्या प्रयोगशाळेत घडवला आणि पुढे ग्नू प्रकल्पासाठी नव्याने लिहिला. वरवर पाहता तो मजकूर संपादित करायचा प्रोग्रॅम. आत मात्र लिस्प भाषेचे पूर्ण यंत्र. वापरणारा चालू प्रोग्रॅमचे वागणे तिथल्या तिथे बदलू शकतो. ऑर्ग वाढला तो या मोकळीकीमुळे. २००७ साली ईमॅक्स २२ बरोबर तो थेट मूळ संचातच सामील झाला, म्हणजे ईमॅक्स बसवणाऱ्या प्रत्येकाच्या संगणकावर तो आपोआप पोचला.

चार ओळींचे काम

एक छोटी फाइल घेऊ:

\* घर
\*\* करायचे वीजबिल भरणे
\*\* झाले पाणीपट्टी भरणे
\* लेख

मूळ ऑर्गमध्ये कामाच्या अवस्था टूडू आणि डन अशा इंग्रजी शब्दांनी दाखवल्या जातात. पण फाइलच्या डोक्यावर एक ओळ लिहून आपल्याला हवे ते शब्द ठरवता येतात. इथे ‘करायचे’ आणि ‘झाले’ ठरवले आहेत. वीजबिलाच्या ओळीवर कर्सर नेऊन दोन जोडकळा दाबल्या की ‘करायचे’चे ‘झाले’ होते. मथळ्यावर टॅब दाबली की त्याखालचा मजकूर घडी होऊन मिटतो, पुन्हा दाबली की उलगडतो. कामाला तारीख जोडली की ते अजेंड्यात येते. अजेंडा म्हणजे डझनावारी फाइलींमध्ये विखुरलेली कामे गोळा करून दिवसाचे एक पान मांडणारी सोय. काम सुरू करताना घड्याळ लावता येते, आठवड्याअखेर कुठे किती वेळ गेला त्याचा तक्ता मिळतो. तक्त्याखाली सूत्र लिहिले की त्याच मजकुरात बेरजा होतात. आणि सगळी फाइल एका आज्ञेवर वेबपानात, लाटेकमार्गे पीडीएफमध्ये किंवा लिब्रेऑफिसच्या दस्तऐवजात उतरते. ऑर्गची स्वतःची माहितीपुस्तिकाही आता ऑर्गमध्येच लिहिली जाते.

संशोधकांना ऑर्ग आपलासा वाटला तो बेबल नावाच्या भागामुळे. एरिक शुल्टे आणि डॅन डेव्हिसन यांनी तो घडवला. परिच्छेदांच्या मध्ये पायथन किंवा आर भाषेतला कोड लिहायचा, तिथेच चालवायचा. उत्तर त्याच्याखाली येऊन बसते आणि पुढचा तुकडा ते उत्तर वापरतो. कोड माणसाने वाचावा असा, गद्याच्या ओघात लिहावा, हा डोनाल्ड क्नुथ यांचा १९८४ मधला विचार इथे रोजच्या वापरात आला. शुल्टे, डेव्हिसन आणि डॉमिनिक यांचा सहभाग असलेला बेबलवरचा निबंध २०१२ साली जर्नल ऑफ स्टॅटिस्टिकल सॉफ्टवेअरमध्ये छापून आला. निबंध, आकडेमोड आणि आलेख एकाच फाइलमध्ये असले की दुसऱ्याला ते काम जसेच्या तसे पुन्हा करून पाहता येते, हा त्यामागचा आग्रह.

मेंटेनरची खुर्ची

एवढे सगळे चालवणारी कंपनी नाही. २०११ मध्ये डॉमिनिक यांनी सूत्रे बास्तियां गेरी यांच्याकडे दिली. त्यांच्यानंतर ती इहोर राडचेंको यांच्याकडे आली. राडचेंको पेशाने पदार्थविज्ञानातले संशोधक. दोन्ही वेळा जबाबदारी वापरणाऱ्यांमधूनच पुढे आलेल्या माणसाकडे गेली. मेंटेनरचे काम बाहेरून वाटते त्याहून कंटाळवाणे असते. कोणी बग कळवला की तो आपल्या यंत्रावर पुन्हा घडवून पाहायचा, कोणी पॅच पाठवला की ओळ न् ओळ वाचायची, जुन्या फाइली मोडणार नाहीत ना हे तपासायचे. नवी आवृत्ती ईमॅक्सच्या ताज्या आणि त्याआधीच्या दोन मोठ्या आवृत्त्यांवर चालली पाहिजे, असा दंडक आहे. ऑर्ग ईमॅक्सचा भाग असल्याने मोठा बदल देणाऱ्याला कॉपीराइट फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या नावे करून देणाऱ्या कागदावर सही करावी लागते. सुमारे पंधरा ओळींच्या आतल्या बदलाला त्यातून सूट असते.

या पद्धतीत गोष्टी हळू घडतात आणि त्याचा फायदाही होतो. शोधनिबंधातले संदर्भ लिहायची खूण घ्या. ती कशी असावी यावर वर्षानुवर्षे खल चालला आणि २०२१ मध्ये ऑर्ग ९.५ बरोबर ती पक्की झाली. तोवर लोकांनी आपापल्या पद्धती वापरल्या, कुरकुर केली. पण एकदा ठरलेली खूण मागे घेता येत नाही. हजारो लोकांच्या फाइलींत ती जाऊन बसते, आणि त्या फाइली मेंटेनरला कधी दिसत नाहीत.

वेगाची गोष्टही अशीच. मिटलेल्या प्रत्येक घडीसाठी ईमॅक्स मजकुरावर एक अदृश्य आच्छादन ठेवत असे. फाइल हजारो मथळ्यांची झाली की ही आच्छादने धुंडाळण्यातच वेळ जाई आणि कर्सर अडखळू लागे. राडचेंको यांनी घड्या घालायची यंत्रणा नव्याने लिहिली, ती २०२२ मध्ये ऑर्ग ९.६ बरोबर आली. पुढच्याच वर्षी ईमॅक्स २९ ने आच्छादने साठवायची पद्धत बदलून मूळ दुखणेही कमी केले. वापरणाऱ्याच्या फाइलमधले एक अक्षरही त्यासाठी बदलावे लागले नाही.

जून २०२४ मध्ये मात्र घाई करावी लागली. ऑर्गमध्ये लांबलचक दुव्यांना छोटी नावे देता येतात आणि त्या नावाचा विस्तार करताना लिस्पचे फंक्शनही बोलावता येते. फाइलच्या डोक्यावरच्या एका ओळीत कोणी खोडसाळ मजकूर पेरला, तर ऑर्ग मोड नुसता सुरू होताच संगणकावर आज्ञा चालू शकत होती. २२ जूनला ऑर्ग ९.७.५ आणि त्याच दिवशी ईमॅक्स २९.४ ही आपत्कालीन आवृत्ती निघाली. बेबलचा कोड चालवण्याआधी ऑर्ग पूर्वीपासून विचारतो. इथे विचारणारे कोणी नव्हते. साधा मजकूर म्हणून आपण जी फाइल निर्धास्त उघडतो, ती ईमॅक्सच्या आत आल्यावर साधी राहत नाही, हे त्या दिवशी सर्वांच्या लक्षात आले.

व्याकरण कोणाच्या मालकीचे?

आता सुरुवातीच्या त्या विसंगतीकडे येऊ. जॉन ग्रुबर यांचे मार्कडाउन हेही साध्या मजकुरात खुणा करायचे व्याकरण, २००४ चे, ऑर्गहून एका वर्षाने धाकटे. ते जगभर पसरले, आणि पसरता पसरता त्याच्या बोली झाल्या; २०१४ मध्ये कॉमनमार्क नावाने नेमके व्याकरण लिहायला घ्यावे लागले. ऑर्गची अडचण उलटी आहे. त्याची बोली एकच, कारण ती बोलणारा पूर्ण प्रोग्रॅम एकच.

२०१३ च्या ऑर्ग ८.० पर्यंत तर आतही एकवाक्यता नव्हती. वेबपान बनवणारा भाग फाइलचा अर्थ आपल्या परीने लावी, लाटेक बनवणारा आपल्या. निकोला गोआझ्यू यांनी सगळ्यांसाठी फाइलचा अर्थ लावणारा एकच पार्सर लिहिला आणि निर्यातीची यंत्रणा त्यावर उभी केली. मथळा म्हणजे नेमके काय, तक्ता कुठे संपतो, याचे उत्तर तेव्हापासून एका जागी मिळू लागले. पुढे हे व्याकरण स्वतंत्र दस्तऐवजात उतरवायचे कामही झाले. ईमॅक्सबाहेरच्या लोकांना त्याचा आधार आहे. पँडॉक ऑर्ग फाइली वाचतो, गिटहब त्या दाखवतो, निओव्हिममध्ये ऑर्गसाठी प्लगइन आहे, अँड्रॉइडवर ऑर्गझली आणि आयफोनवर बीऑर्ग आहे.

पण हे सगळे फाइल थोडी थोडी समजतात. वरच्या चार ओळी पुन्हा पाहा. ‘करायचे’ ही कामाची अवस्था आहे हे फाइलच्या डोक्यावर लिहिलेले असेल तर दुसऱ्या प्रोग्रॅमलाही ते कळू शकते. तेच मी माझ्या ईमॅक्सच्या सेटिंगमध्ये ठरवले असेल तर फोनवरच्या ॲपला ‘करायचे वीजबिल भरणे’ हा सलग मथळा वाटेल. काम कधी यादीतच येणार नाही. ऑर्गने वापरणाऱ्याला जवळजवळ सगळे बदलू दिले आणि त्यामुळेच फाइलचा काही अर्थ फाइलच्या बाहेर, प्रत्येकाच्या सेटिंगमध्ये जाऊन बसला. इथून पुढे नवी सोय घालण्यापेक्षा हा अर्थ फाइलमध्ये परत आणणे मोलाचे ठरेल.

व्याकरण किती सर्वांचे आहे हे मराठी लिहिताना चटकन जाणवते. ‘\*पुणे\*’ लिहिले तर शब्द ठळक होतो. ‘\*पुण्या\*त’ लिहिले तर होत नाही, तारका तशाच दिसत राहतात. कारण बंद होणाऱ्या तारकेनंतर मोकळी जागा किंवा विरामचिन्ह असावे अशी अट आहे. गुणाकाराची तारका आणि ठळकपणाची तारका यांत गल्लत होऊ नये म्हणून ती घातली गेली, आणि जिथे शब्द सुटे उभे राहतात त्या इंग्रजीत तिचा त्रास होत नाही. आपल्याकडे ला, ने, चा, त शब्दाला चिकटून येतात. शब्दांमध्ये जागाच न सोडणाऱ्या चिनी आणि जपानी लोकांचीही हीच तक्रार आहे. तारकेनंतर शून्य रुंदीचे अदृश्य अक्षर घालावे, असा तोडगा माहितीपुस्तिका सुचवते. तो चालतो, पण ते अदृश्य अक्षर पुढे वेबपानातही जाते, आणि तिथे ‘पुण्यात’ शोधले तर सापडेलच असे नाही.

तक्त्यांचेही तसेच. ऑर्ग अक्षरांची रुंदी ठरावीक घरांमध्ये मोजतो. जोडाक्षरे त्या घरांत बसत नाहीत, त्यामुळे देवनागरी तक्त्याच्या दांड्या लाटेसारख्या हलतात. तारखा आणि सूत्रे फक्त इंग्रजी अंक ओळखतात. ‘५’ त्याच्या हिशेबी आकडाच नाही.

या प्रत्येकावर उपाय शक्य आहे. ठळकपणाची अट सैल करणे मात्र धोक्याचे, कारण जुन्या फाइलींमधल्या हजारो तारकांचा अर्थ एका रात्रीत बदलेल. त्यामुळे जुन्या खुणेला हात न लावता शब्दाच्या आत चालणारी वेगळी खूण आणणे, हाच शहाणपणाचा मार्ग दिसतो. संदर्भांच्या खुणेसारखाच त्यालाही वेळ लागेल, आणि लागू द्यावा.

ऑर्गचे पुढे काय होईल, हे दोन गोष्टींवर ठरेल. एक, पॅच वाचणारी माणसे वाढतात की सगळा भार एका-दोघांवरच राहतो. दोन, व्याकरणाचा दस्तऐवज आणि त्याच्या चाचण्या इतक्या नेटक्या होतात का, की लिस्पचे एक पानही न वाचता दुसऱ्या कोणाला ऑर्ग पूर्ण समजणारा प्रोग्रॅम लिहिता यावा. तसे झाले तर उद्या ईमॅक्स मागे पडला तरी फाइली कामाला लागत राहतील. त्या चाचण्यांमध्ये मराठीचा प्रत्यय, जोडाक्षरांचा तक्ता आणि देवनागरी अंकांची तारीख असायला हवी, म्हणजे पुढे कोणी व्याकरणाला हात लावला की आपली अडचण त्याला आपसूक दिसेल. अशी एक चाचणी लिहायला लिस्पची जुजबी ओळख पुरते. ती पंधरा ओळींच्या आत बसते, म्हणजे कागदावर सही करायचीही गरज नाही.