परक्या कोडवर आपला शेरा : एक्लिप्समधील एका सोयीविषयी

जावा भाषेच्या पाचव्या आवृत्तीत, म्हणजे २००४ साली, ॲनोटेशन, म्हणजे कोडवर मारायचे शेरे, दाखल झाले आणि अमुक मेथड नल (रिकामे मूल्य) परत करू शकते किंवा नाही, हे कोडमध्येच नमूद करण्याचा मार्ग मोकळा झाला. परंतु ज्या लायब्ररीच्या मूळ मजकुरात फेरफार करण्याचा अखत्यार आपणांस नाही, तिच्यावर असा शेरा मारावा कसा, हा प्रश्न शिल्लकच होता. एक्लिप्स या कोड लिहिण्याच्या साधनाच्या २०१५ सालच्या मार्स आवृत्तीने काढलेली तोड अशी की, शेरा मूळ क्लासला न लावता ईईए या निराळ्या फाइलीत नोंदवावा.

उदाहरणार्थ, जावातील मॅपच्या गेट या मेथडच्या परतीच्या प्रकारावर कर्सर नेऊन कंट्रोल आणि १ या कळा दाबल्या असता पर्यायांची यादी उघडते. नल संभवते असे निवडल्यास ईईए फाइलीतील त्या मेथडच्या सिग्नेचरमध्ये ० बसतो, संभवत नाही असे निवडल्यास १. फाइल साध्या मजकुराची असल्यामुळे ती गिटमध्ये ठेवून सर्व सहकाऱ्यांस वापरता येते, हा या योजनेचा मोठाच गुण.

उणीव आहे ती प्रारंभीच्या मांडणीत. नल-तपासणी सुरू करणे आणि बिल्ड पाथमध्ये ईईए फाइलींचे स्थान दाखवणे, या दोन्ही तजविजी आधी कराव्या लागतात. त्या राहिल्या असतील तर एक्लिप्सच्या कोड-संपादकानेच कारण सांगून थेट त्या सेटिंगपाशी न्यावे, ही माझी सूचना.

एक्लिप्सच्या कर्त्यांना आपणही अभिप्राय अवश्य पाठवावा. मात्र त्यात आवृत्ती, मेथडचे नाव, अपेक्षित आणि प्रत्यक्ष परिणाम लिहावेत, कारण ‘चालत नाही’ एवढ्या तक्रारीवरून कोणासही दुरुस्ती करता येत नाही.