कांद्याची पत्ती आणि पेशीची ओढ

आमच्या लासलगावच्या बाजार समितीत लिलाव सुरू झाला की व्यापारी ट्रॉलीवर वाकतो, एक कांदा उचलतो आणि अंगठ्याने दाबून पाहतो. पण अंगठ्याला आधी लागते ती वरची पत्ती. ती चांगली वाळलेली असली, तर आतला नरम कांदाही क्षणभर टणक भासतो. अंगठा फसतो आणि तोटा कोणाच्या तरी पदरात पडतो.

नेमका हाच पेच शास्त्रज्ञांना प्रयोगशाळेत पडतो, असे सांगितले तर वाचकांना नवल वाटेल.

आपल्या शरीरातील पेशी स्वस्थ बसून नसतात. जखम भरून येताना त्या सरकतात, आणि सरकताना पायाखालची जमीन ओढतात. ही ओढ मोजायची कशी? काचेवर पेशी ठेवली, तर तिने कितीही ओढले तरी काच ढिम्म हलत नाही. म्हणून जमीनच मऊ हवी.

१९८० साली अमेरिकेत अल्बर्ट हॅरिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाट सिलिकोन तेलावरून क्षणभर ज्योत फिरवली. दुधावर साय धरावी, तशी तेलावर पातळ कातडी धरली. तिच्यावर पेशी सोडल्या, तो काय, सायीला पडाव्या तशा सुरकुत्या पडल्या! पेशीचे बळ डोळ्यांना दिसले.

पण सुरकुत्यांवरून नेमका हिशेब जमणे कठीण. म्हणून पुढे चायना ग्रासच्या वडीसारखी मऊ, पारदर्शक जेली आली. तिच्यात चमकणारे सूक्ष्म मणी घालायचे. मणी किती सरकले आणि जेली किती कडक, हे कळले की ओढ काढता येते.

ह्या मऊपणाचे महत्त्व केवढे? २००६ साली चौघा संशोधकांनी दाखवले की अस्थिमज्जेतील मूळपेशी मेंदूइतक्या मऊ जेलीवर मज्जापेशींचे वळण घेतात, स्नायूइतक्या कडक जेलीवर स्नायूंचे, आणि त्याहून कडक जेलीवर हाडाचे. त्या चौघांतले एक, शमिक सेन, पुढे पवईच्या आयआयटीत प्राध्यापक झाले.

आता मुख्य अडचण. उघड्या जेलीला पेशी नीट चिकटत नाही. तिच्यावर कोलॅजेनसारख्या प्रथिनाचा थर बसवावा लागतो. सिलिकोन रबर तर अळवाच्या पानासारखे पाणी झटकते. म्हणून त्यावर प्लाझ्माचा, म्हणजे विजेने भारलेल्या वायूचा, संस्कार करतात. मग ते पाणी धरते. परंतु त्याच संस्काराने रबरावर काचेसारखे कवच तयार होते. आमच्या गावी २००२ साली भाभा अणुसंशोधन केंद्राचे विकिरण केंद्र उभे राहिले. तिथले गॅमा किरण कांद्याच्या आरपार जातात आणि त्याचे कोंब रोखतात. प्लाझ्माचे तसे नाही. तो वरची कातडी तेवढी बदलतो.

कवच केसाहून शेकडो पटींनी पातळ, पण पेशीच्या पायाला लागते तेच! शास्त्रज्ञ मात्र हिशेब धरतो आतल्या मऊ रबराचा. जमीन कमी हलते आणि बिचारी बळकट पेशी कागदावर दुबळी ठरते. शिवाय संस्कार केलेले रबर हवेत ठेवले की काही काळाने पुन्हा पाणी झटकू लागते. सोमवारचा तुकडा शनिवारी तोच राहत नाही.

ही नुसती आकड्यांची चूक नव्हे. कर्करोगाच्या अनेक गाठी भोवतालच्या मांसापेक्षा कडक असतात, आणि त्यांतल्या पेशींची ओढ रोगाच्या फैलावाशी निगडित आहे. ती ओढ सैल करणारे औषध पारखताना मापच खोटे निघाले, तर निरुपयोगी औषध गुणकारी वाटेल आणि गुणकारी औषध फेकले जाईल.

उपाय साधा आहे, मात्र चिकाटीचा. संस्कार जरुरीपुरताच करावा. ज्यांची तुलना करायची त्या सर्व तुकड्यांना सारखाच करावा. आणि कडकपणा संस्कारानंतर, पेशी जिथे उभी राहणार त्याच पृष्ठभागावर, सूक्ष्म सुईने दाबून मोजावा.

मुरलेला व्यापारी तरी दुसरे काय करतो? शंका आली की तो पत्ती बाजूला सारतो, कांदा चिरून पाहतो, आणि मगच भाव बोलतो.